साहेबांचा दिवा

शनिवार, १२ जुलै

आज हॉस्टेलच्या मुली सगळ्या मिळून खाली आल्या. एकेकटी आली तर गरम पाणी नसतं किंवा चादर हवी असते. सगळ्या मिळून आल्या की काहीतरी ठरवून आलेल्या असतात. शिवकन्या पुढे होती, ती औशाची, बोलायला भीत नाही. बाकीच्या जिन्याच्या पायऱ्यांवर, आणि पुनम सगळ्यांत मागे, कठड्याला टेकून.

तक्रार एकच. वायफाय खोल्यांत येत नाही. क्लासचे पेपर आता ऑनलाइन असतात, आणि डॉक्टर व्हायला आलेल्या मुलींना ते जिन्यात बसून द्यावे लागतात. शिवकन्या म्हणाली, "काकू, मागच्या गल्लीत नवं हॉस्टेल झालंय. तिथं टेबलागणिक नेट हाय." धमकी नव्हती, पण ऐकू तशीच आली.

दोष घराचा आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर हे घर बांधलं तेव्हा ह्यांनी विटांच्या जागी काँक्रीटच्या भिंती घालायला लावल्या, आणि त्यांत दुप्पट लोखंड. मिस्त्री ग्यानोबा म्हणाला होता, साहेब, घर बांधायचंय का धरण? ह्यांनी ऐकलं नाही. आता त्या भिंतींतून काहीच आत येत नाही.

संध्याकाळी आरतीला फोनवर सांगितलं. माझी ही एकच मुलगी, नांदेडला बँकेत आहे. ती म्हणाली, जात असतील तर जाऊ दे आई, तू इकडे ये. हे ती ह्यांच्या माघारी सारखं म्हणते. आज मात्र तिने मुदतच घातली. मुली टिकल्या तर ती पुन्हा विषय काढणार नाही. नाही टिकल्या तर दसऱ्याला घराला कुलूप. मी हो म्हणाले.

तिच्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी वेगळी खोली आहे, खिडकीतून गोदावरी दिसते. नांदेड माझं माहेर, त्यामुळे परकं असं काही नाही. पण ती आणि जावई, दोघंही सकाळी जातात ती दिवेलागणीला येतात. इथे निदान जिन्यावर पावलं वाजतात.

मंगळवार, १५ जुलै

शबाना येऊन गेली. गंजगोलाईच्या बाजारात चांदपाशांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, ही त्यांची मुलगी. आता दुकान ती चालवते आणि रेडिओऐवजी कॅमेरे नि नेटवर्कची कामं करते. मुलींच्या हॉस्टेलात वरच्या मजल्यावर पुरुषांना मज्जाव, म्हणून गावातली निम्मी हॉस्टेलं तिच्याकडे. "आंटी, दुनिया नियमांना शिव्या देती, आपण तर नियमावरच जगतो," म्हणाली आणि आपल्याच बोलण्यावर हसली.

तिने भिंत बोटांनी वाजवून पाहिली. "ये तो किल्ला हाय. वायफायचा नाद सोडा. प्रत्येक टेबलापर्यंत वायर नेऊ, अन् मधी एक स्विच बसवू."

मला वाटलं, दिव्याचं बटण. ती म्हणाली, तसं नाही, एक पेटी असते. सगळ्या वायरी तिच्यात येतात, आणि कुणाचं बोलणं कुणाकडे पोचवायचं ते ती ठरवते. म्हणजे एक्स्चेंज, मी म्हणाले. ह्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, त्यामुळे एवढं मला चटकन समजलं.

प्रश्न भिंती फोडण्याचा होता. तेव्हा मला नळ्या आठवल्या. बांधकामाच्या वेळी ह्यांनी खोल्याखोल्यांतून रिकाम्या नळ्या घालून ठेवल्या होत्या. कशासाठी, विचारलं की एकच उत्तर, पुढं लागेल. तीस वर्षं काही लागलं नाही. शबानाने जिन्याखालच्या नळीचं झाकण काढलं तर तोंडाशी नायलॉनची दोरी, गाठ मारून ठेवलेली, पुढे कुणाला वायर ओढायची झाली तर असावी म्हणून. तिने दोरीला वायर बांधली, मी वरच्या खोलीत जाऊन दुसऱ्या टोकाने ओढली. दोरी हाताहाताने बाहेर येत राहिली. पांढरीच होती अजून.

ती गुंडाळून ठेवली आहे.

गुरुवार, १७ जुलै

झालं काम. जिन्याखालच्या कपाटात पेटी बसली. काळी, पोळ्यांच्या डब्याहून चपटी, समोर चौकोनी भोकांची रांग आणि प्रत्येक भोकावर एक बारीक दिवा. पलीकडे मुलीने लॅपटॉप लावला की दिवा हिरवा होतो. ती काही वाचायला किंवा लिहायला लागली की लुकलुकतो. स्वयंपाकाच्या केवळाबाईने वाकून पाहिलं आणि विचारलं, एवढ्याशा दिव्यांनी उजेड तो काय पडायचा.

भोकांखाली खोल्यांचे नंबर लिहू म्हणत होती शबाना. मी म्हणाले, मुलींची नावं लिहू. मग शेवटच्या वायरीवर आलो. ही कुणाची खोली, तिने विचारलं. साहेबांची. सगळे त्यांना साहेबच म्हणायचे. तिथे आता कोण राहतं, तर कोणी नाही. त्यांचा कॉम्प्युटर आहे, तो मी रोज सकाळी चालू करून ठेवते. दमट हवेत बंद राहिलं की यंत्र खराब होतं.

तिने भिंतीवर दोन भोकांची पट्टी बसवली आणि दोन्हीतून जिन्याखालच्या पेटीपर्यंत वायरी नेल्या. मी म्हणाले, एक पुरे होती. "राहू द्या आंटी. पुढं लागल."

मी तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले. जरा वेळ लागला. आले तेव्हा ती अवजारं भरत होती.

पेटीवर एका भोकाखाली 'साहेब' लिहिलं. शेजारच्याखाली जागा रिकामी आहे.

गुरुवार, २४ जुलै

शबानाने आज पेटीचा कारभार शिकवला. आरतीचा जुना लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आहे. त्यात एक नंबर टाकायचा, मग परवलीचा शब्द, की पडद्यावर पेटीचं चित्र येतं. कुठल्या भोकाला काय नाव, कुठलं चालू, कुठलं बंद, सगळं बसल्या जागी. नावं इंग्रजी अक्षरांत लिहावी लागतात. माझं इंग्रजी टंकलेखन पाहून ती म्हणाली, आंटी, तुम्ही तर मास्तरीण निघालात.

एक गोष्ट तिने दोनदा सांगितली. "अप्लाय दाबलं म्हंजे आत्तापुरतं. सेव्ह दाबलं म्हंजे कायमचं. सेव्ह नाही केलं अन् लाईट गेली, तर ते सगळं विसरतंय. पहिलं होतं तेच धरून बसतंय."

परवलीचा शब्द मी सिस्टर ॲग्नेसच्या नावाचा ठेवला. बाबांनी मला नांदेडहून सिकंदराबादला कॉन्व्हेंटमध्ये घातलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मीटरगेजची गाडी होती, पहाटे पोचायची. वसतिगृहात एका लांब दालनात आमच्या खाटा. दिवे मालवल्यावर सिस्टर ॲग्नेस हातात लहान टॉर्च घेऊन एक फेरी मारायच्या, प्रत्येक खाटेपाशी क्षणभर थांबून. त्या काय पाहतात ते आम्हाला कधी कळलं नाही. नवी मुलगी रडत असली तर बोलायच्या नाहीत, नुसत्या जास्त वेळ थांबायच्या.

मी झोपण्याआधी कपाट उघडून दिवे पाहते. शिवकन्येचा धावत असतो. पुनमचा मध्येच थांबतो आणि बराच वेळ थांबून राहतो.

शनिवार, २ ऑगस्ट

पुनम हल्ली पुस्तक घेऊन खालच्या पायरीवर बसते, कपाटाचं दार किलकिलं करून. वर उकडतं म्हणते. ती शिरूर अनंतपाळची, घरी शेती. घर सोडून राहण्याची पहिलीच वेळ.

आज तिने विचारलं, "काकू, साहेब कोण हाय?"

माझे यजमान, मी म्हणाले. ते वारल्याला चार वर्षं झाली.

तिने दिव्याकडे पाहिलं. मी सांगितलं, कॉम्प्युटर चालू असतो म्हणून लागतो तो. ती हां म्हणाली आणि पान उलटलं. मग पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "माझी आई बी रोज माझ्या खाटेवर चादर घालून ठिवती. बापू सांगत व्हते."

पोर अभ्यासात मागे पडेल अशाने. उद्या तिला वर बसायला सांगायला हवं.

शनिवार, २३ ऑगस्ट

पोळ्याला सगळ्या गावी गेल्या. केवळाबाईही. कपाटात सगळे दिवे विझलेले. साहेबांचा तेवढा लागलेला.

दुपारचंच जेवले.

रविवार, १४ सप्टेंबर, सकाळ

पितृपंधरवड्यातली आज ह्यांची तिथी. मुलींचा मोठा पेपर दहाला सुरू होणार, त्याआधी नैवेद्य करून घेतला आणि ह्यांची खोली झाडायला उघडली. कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली, टेबल सरकवून फरशी पुसली. पुन्हा बटण दाबलं तर तो चालू झाला नाही. दोन-तीनदा दाबलं. आत काहीतरी टकटक करून थांबलं. जुना होता, कधीतरी व्हायचंच होतं हे. धुतलेल्या पांढऱ्या टॉवेलने झाकून ठेवला.

त्याच्या नेटच्या वायरीचं एक टोक भिंतीत होतं, दुसरं ओल्या फरशीवर लोंबकळत होतं. शिवणाच्या तासाला सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, सुटं टोक म्हणजे उसवण्याला आमंत्रण. आम्ही प्रत्येक टोक कुठेतरी खोवायचो आणि मगच त्यांना कापड दाखवायचो. शेजारी पट्टीतलं दुसरं भोक रिकामंच होतं, त्यात ते टोक बसवलं. छान बसलं, टक्क आवाज करून. दाराला कुलूप लावून बाहेर आले.

वाटलं होतं, साहेबांचा दिवा आता विझलेला असणार. मुद्दाम कपाट उघडलं नाही थोडा वेळ. मग उघडलं.

दिवा लागला होता. शेजारचा, ज्याला आजवर नावच नव्हतं, तोही लागला होता. आणि एवढंच नाही, सगळेच दिवे भराभर, एका लयीत धावत होते, इतक्या वेगाने धावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मुली जीव तोडून पेपर सोडवताहेत आणि त्यांच्यात हेही आहेत असं वाटलं. मी हात जोडले. आजच्या दिवशी असं व्हावं, याचा अर्थ मी लावत बसणार नाही.

वर कोणीतरी धावतंय. पावलं जिन्याकडे येताहेत.

त्याच दिवशी, संध्याकाळ

नेट बंद पडलं. पेपर सुरू झाला न झाला तोच, सगळ्यांचंच. पुनम रडली नाही, बाकी सगळ्या रडल्या. क्लासला फोन केला. पुढच्या रविवारी पुन्हा पेपर देता येईल म्हणाले, पण ही शेवटची संधी.

सोमवार, १५ सप्टेंबर

कंपनीचा माणूस आला, फाटकापाशी वायर तपासून म्हणाला, आमची लाइन चालू आहे, बिघाड तुमच्या घरात आहे, आणि गेला. शबाना मावशीच्या मुलीच्या लग्नाला उदगीरला आहे, गुरुवारी येईल. फोनवरून तिने उपाय सांगितले. पेटी बंद करून चालू केली. क्षणभर ठीक होतं आणि पुन्हा तेच. मग म्हणाली, सगळ्या वायरी काढा आणि एकेक लावत जा, जिच्याने बिघडेल ती चोर. मी एकेक काढली, एकेक लावली. फरक पडला नाही. साहेबांच्या तेवढ्या काढल्या नाहीत. तिथे कोणी राहतच नाही, तर तिथून बिघाड कसा येणार. आणि तो दिवा लागलेला असताना हात गेला नाही.

कुणी कुठली वायर बदलली का, असं तिने दोनदा विचारलं. मी नाही म्हणाले. मुलींनी तर शपथ घेतली.

शिवकन्येचा पुनमवर संशय आहे. पुनम येता-जाता त्या कपाटापाशी असते, शनिवारी तिला वायरीला हात लावताना कुणीतरी पाहिलं. मी पुनमला बोलावून विचारलं. "मी नुस्ती बघत व्हते," एवढंच म्हणाली. पुढे कितीही विचारलं तरी काही नाही. केवळाबाई आतून ओरडली, "गप बसलं म्हंजे त्यानंच केलं, असं कुठं असतंय व्हय?"

खरं लिहायचं तर मलाही वाटलं, तिनेच काहीतरी केलं असावं. जाणूनबुजून नव्हे. पण केलं असावं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

दोन मुली सामान घेऊन मागच्या हॉस्टेलात गेल्या. निघताना पाया पडल्या, ते नको होतं. बाकीच्या म्हणतात, रविवारच्या आत नेट नीट झालं तर राहू, पण पुनम त्या पेटीपाशी नको.

मी पुनमच्या वडिलांना, रामकिशनना, फोन केला. मी म्हणाले, चार-आठ दिवस हिला घरी घेऊन जा. बाकीच्या राहाव्यात म्हणून केला. आरतीशी झालेलं बोलणं डोक्यात होतं. त्यांनी कारण विचारलं नाही. नुसतं "येतो" म्हणाले.

दिवे अजून तसेच धावताहेत.

बुधवार, १७ सप्टेंबर

मुक्तिदिन. समोरच्या शाळेत झेंडावंदन झालं, मुलांनी लाडू खाल्ले. पुनमने बॅग भरून जिन्याखाली आणून ठेवली आहे. ती जेवायला खाली आली नाही. केवळाबाईने तिचं ताट वर नेऊन दिलं, आणि मला वाढलं नाही. मी माझं मीच घेतलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

नीट क्रमाने लिहिते.

सकाळी रामकिशन आले. पांढरं धोतर, खांद्यावर नव्या मुगाची पिशवी. वर पुरुषांना मज्जाव म्हणून बैठकीत बसले. पुनम येऊन त्यांच्याजवळ उभी राहिली. मी चहा ठेवला. तेवढ्यात शबाना आली, हातावर लग्नाची मेंदी.

तिने कपाट उघडलं आणि तशीच उभी राहिली. "या अल्ला. हे दिवे असे कवापासून पळून राहिले?"

रविवारपासून, मी म्हणाले.

"सगळे एकदम? अन् मला फोनवर सांगितलं का नाही?"

मला ते बिघाडाचं लक्षण वाटलंच नव्हतं. ती खाली बसली आणि एकेक वायर काढून बाजूला ठेवू लागली. शिवकन्येची काढली, दिवे पळतच. एकेक करत सगळ्या मुलींच्या काढल्या. शेवटी दोनच उरल्या आणि ते दोन दिवे एकमेकांशेजारी वेड्यासारखे धावत होते.

"ही काढली होती त्या दिवशी?"

मी नाही म्हणाले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांची वायर काढली.

दोन्ही दिवे विझले. मग तिने बाकीच्या वायरी पुन्हा जोडल्या. एक दिवा लागला, जरा थांबून दुसरा. कुठे लुकलुक, कुठे स्थिर, रोजच्यासारखं. वरून शिवकन्या ओरडली, आलं, आलं.

शबानाने खोलीची चावी मागितली. मी दार उघडलं. ती टेबलाखाली वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. मग हळू म्हणाली, "आंटी, ही वायर सोताशीच बोलून राहिली होती."

मला कळलं नाही. तिने वायरीची दोन्ही टोकं दाखवली, दोन्ही भिंतीत. "हिकडून जे निघतंय ते तिकडून परत पेटीत येतंय. पेटी म्हणती, कुणीतरी बोललं, सगळ्यांना सांगा. ते फिरून परत हिथंच येतंय. तेच बोलणं, तेच ऐकणं. थांबतच नाही. एवढ्या गलक्यात बाकीच्यांचं काय ऐकू येणार?"

मी ह्यांच्या खुर्चीवर बसले.

असं होऊ नये म्हणून पेटीत एक सोय असते, ती चालू करायची राहिली, तेव्हा चूक माझी बी हाय, असं ती म्हणत होती. मी ऐकत होते. पण बोलले ते वेगळंच. म्हणाले, "पण दिवा लागला होता."

तिने वायर काढली, गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

बैठकीत गेले तर रामकिशन बशीतला चहा संपवत होते. मुली जिन्यावर जमल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, "वायर मी चुकीची लावली होती, साहेबांच्या खोलीत. पुनमचा काही संबंध नाही. मी तिच्यावर आळ येऊ दिला."

शिवकन्येने नखं पाहिली. रामकिशननी बशी खाली ठेवली, मिशी पुसली. "मंग? घेऊन जाऊ का ठिवू?"

तिला विचारा, मी म्हणाले.

पुनम बॅगेपाशी होती. "बापू, रविवारी पेपर हाय," ती म्हणाली. तेवढंच.

"झालं. एवढ्यासाठी मी रानातलं काम टाकून आलो," ते हसले. मग माझ्याकडे वळून, हसू तसंच ठेवून म्हणाले, "बाई, मी न्यायला न्हवतो आलो. पोरगी कशी हाय ते बघाया आलो व्हतो. तिनं न्हाई केलं, हे मला तुमच्या फोनातच कळलं व्हतं."

मूग केवळाबाईकडे देऊन गेले. रात्री तिने खिचडी केली आणि मला आधी वाढलं.

रविवार, २१ सप्टेंबर

पेपर झाला. मी सकाळपासून कपाटापाशी स्टूल टाकून बसले होते. साहेबांचे दोन्ही दिवे बंद. इतर सगळे आपापल्या चालीने.

आरती दुपारी नांदेडहून आली. गेलेल्या दोघी परत आलेल्या नाहीत, हे मी लपवलं नाही. ती म्हणाली, "मग याला टिकल्या म्हणायचं की नाही?" मी म्हणाले, तूच सांग. बाबांचा कॉम्प्युटर गेला हेही सांगितलं. ती एकटीच त्या खोलीत गेली आणि बराच वेळ आली नाही. बाहेर आली तेव्हा टॉवेलची घडी तिच्या हातात होती. म्हणाली, "आई, हे सगळं तू मला आधी का नाही सांगितलंस?"

कशाबद्दल म्हणत होती, मी विचारलं नाही. जाताना म्हणाली, दसऱ्याला बोलू.

रविवार, २८ सप्टेंबर

पाऊस थांबत नाही. मांजरेला पूर आहे म्हणतात.

ह्यांची खोली पुनमला दिली. तिने मागितली नव्हती. वरच्या मुली आता तिच्याशी नीट बोलतात, जरा जास्तच नीट बोलतात, आणि ते तिला सोसत नाही. खोली खालीच असल्यामुळे नियमाचाही प्रश्न नाही. कॉम्प्युटर शबाना घेऊन गेली, बघते म्हणाली. टेबल तिथेच ठेवलं. कपडे वाळत घालायला दोरी आहे का, पुनमने विचारलं. ती नायलॉनची दोरी दिली. खिडकीपासून खोलीतल्या कपाटापर्यंत बरोबर पुरली.

लॅपटॉप उघडून 'साहेब' खोडलं आणि 'पुनम' लिहिलं. अप्लाय दाबलं.

दिवेलागणीला लाईट गेली. आली तेव्हा पेटीचं पान पुन्हा उघडलं. तिथे 'साहेब' होतं.

शबानाने सांगितलं होतं तसंच. मी सेव्ह दाबलंच नव्हतं. विसरले म्हणू का? बराच वेळ ते नाव बघत बसले. आज पुन्हा बदलत नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आरती पाण्यामुळे येऊ शकली नाही, फोन केला. कुलपाचं काय, तिने विचारलं. मी म्हणाले, नाही लावत. ती "बरं" म्हणाली. बरं म्हणताना तिचा आवाज अगदी ह्यांच्यासारखा येतो, आजवर लक्षात आलं नव्हतं.

आज दुपारी मी जेवणाच्या टेबलाशी बसले होते. पुनम दारात आली, केसांना तेल, हातात पुस्तक. "काकू, भित्तीतलं दुसरं भोक रिकामंच हाय. तुमचा लॅपटॉप हितं लावा की. तुम्ही तिकडं एकट्या..." वाक्य पुरं न करता ती आत गेली.

लॅपटॉप घेऊन गेले. टेबलाच्या एका बाजूला तिची पुस्तकं, दुसऱ्या बाजूला जागा करून ठेवलेली. वर दोरीवर तिची ओढणी. तिनेच माझी वायर दुसऱ्या भोकात बसवली. मी पेटीचं पान उघडलं. ती माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"अजून साहेबच हाय की."

मी बदललं. पुनम लिहिलं. तिने खालच्या, रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. हितं काय लिहायचं, काकू लिहू का, विचारलं. मी काही बोलायच्या आत तिचं तिलाच ते पटलं नाही.

"तुमचं नाव काय हाय?"

किती वर्षांत कुणी विचारलं नाही. या घरात ह्यांच्याशिवाय त्या नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. आरतीची मी आई, मुलींची काकू, शबानाची आंटी.

"गिरिजा," मी म्हणाले.

तिने दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, ते लिहिलं. अप्लाय दाबलं. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती आणि खोलीतला दिवा एकदा लवला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"सेव्ह करू?"

"कर," मी म्हणाले.

मग ती वाचायला लागली. मीही काहीतरी वाचत बसले. जिन्याखालच्या कपाटात दिवे कसे दिसत असतील, ते पाहायला आज गेले नाही.